नात्याचा रकाना

भोपाळमध्ये माझं आडनाव कुणालाही धड घेता आलं नाही. वैरागडेचं 'बैरागढ़े' झालं, आणि बैरागढ हे इथलंच एक उपनगर असल्यामुळे पुढचं काम सोपं झालं. 'बैरागढ़वाली मैडम कहाँ बैठती हैं?' असं विचारत माणसं यायची. एक आजोबा तर दोन बसगाड्या बदलून खरोखरच बैरागढला जाऊन आले. तिथे घरं वाटणाऱ्या कुणी बाई नाहीत हे कळल्यावर ऑफिस सुटायच्या वेळी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. रागावले नव्हते. "चलो, मिल तो गईं," म्हणाले आणि कागदांची पिशवी पुढे केली.

घरं वाटणारी बाई! लोकांच्या लेखी मी तीच होते. खरं म्हणजे मी आयुष्यात एकही घर वाटलेलं नाही. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी सरकार जी स्वस्त भाड्याची घरं बांधतं, त्यांच्यासाठी आलेल्या अर्जांतला कोणता पात्र आणि कोणता अपात्र, याच्या कागदावर पहिली सही माझी असे. शेवटची सही साहेबांची. मधल्या सगळ्या शिव्या पुन्हा माझ्या.

निवृत्तीनंतर शाहपुऱ्यात तळ्याकाठी फिरायला जाते, तेव्हा आपली मराठी मंडळी भेटतात. नोकरीचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला: "खरं सांगा, ती घरं ओळखीनेच मिळतात ना?" तळ्याच्या एका फेरीत याचं उत्तर देता येत नाही. म्हणून दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा असं इथल्या मराठी मंडळाकडून सांगणं आलं, तेव्हा विषय शोधावा लागला नाही.

घराच्या यादीत नाव असणं म्हणजे काय, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. माझे वडील नागपूरचे. नवं राज्य झालं आणि कचेऱ्या भोपाळला हलल्या, तेव्हा फायलींबरोबर तेही आले. पहिली काही वर्षं एका खोलीत चौघे कारकून राहत होते. लग्न झाल्यावर आई इथे आली ती टी. टी. नगरच्या क्वार्टरची यादी लागल्यावरच. नंतर आम्ही तुलसी नगरला आलो. बाबा सांगायचे, यादी लागली त्या दिवशी कचेरीतल्या प्रत्येकाने आपलं नाव बोट ठेवून वाचलं होतं, ज्यांना आपलं नाव नाही हे आधीच माहीत होतं त्यांनीही. हे बोट ठेवून वाचणं मी पुढे तेहेतीस वर्षं रोज पाहिलं.

तर निवड कशी होते, ते सांगते. माणूस अर्ज करतो. अर्जाला उत्पन्नाचा दाखला, ओळखपत्र, शहरात किती वर्षं राहतो त्याचा पुरावा आणि कुठेही पक्कं घर नाही असं शपथपत्र जोडतो. मग आमचा माणूस त्याच्या राहत्या जागी जाऊन पाहून येतो. त्यानंतर कच्ची यादी ऑफिसच्या फळ्यावर लागते आणि कुणालाही त्यातल्या कुणाहीबद्दल आक्षेप घेता येतो. आक्षेपांची सुनावणी झाली की पक्की यादी. घरं नेहमीच कमी आणि नावं नेहमीच जास्त, म्हणून शेवटी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या. तळमजल्याची घरं म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी वेगळी काढलेली असतात, त्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या.

यात ओळख चालायची ती चिठ्ठ्यांच्या आधी, पात्र ठरवण्याच्या टप्प्यावर. आणि तिथे आमचे अफजलभाई बसलेले होते.

अफजलभाई आमचे सर्वेक्षक. अंगाने बारीक, तोंडात सुपारी, आणि स्कूटर अशी की ती थांबली तरी हादरत राहायची. जुन्या भोपाळातला माणूस, बोलण्यात 'अपन' आणि 'खां' भरपूर. जागेची तपासणी म्हणजे टेप धरून खोली मोजणं, असं मी समजत होते. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "मैडम, अपन कमरा नहीं नापते. अपन दातून के बिरश गिनते हैं." म्हणजे अर्जात सहा माणसं लिहिली असतील तर घरात ब्रश किती, दाराशी चपला किती, दप्तर कुठल्या खिळ्याला अडकवलंय, भिंत कुठे काळी झालीय. कागद कुणीही करून आणील, पण खिळ्याभोवती पडलेला दप्तराचा डाग कुठून आणणार?

एकदा कोलार रस्त्याकडच्या एका वस्तीत आम्ही तपासणीला गेलो. झोपडी नीटनेटकी, बाई डोक्यावर पदर घेऊन बसलेली, नवरा शेजारी हात जोडून. सगळे कागद बरोबर. अफजलभाई म्हणाले, "भाभी, चाय पिलाओगी? मेरी में चीनी नहीं, चुटकी भर नमक." बाई उठली. एक डबा उघडला, दुसरा उघडला, तिसऱ्यात हळद निघाली. नवऱ्याने मान खाली घातली. झोपडी एका दिवसापुरती मागून घेतलेली होती. मिठाचा डबा कुठे असतो हे तिला सांगायचं राहून गेलं होतं. अफजलभाईंनी आरडाओरड केली नाही. बाहेर आल्यावर अहवालात एवढंच लिहिलं, 'अर्जदार या जागेत राहत नाही.' मग मला म्हणाले, घराची गरज त्यांनाही असेल, पण रांगेत मागे जी बाई उभी आहे तिला आपलं मीठ कुठे आहे हे माहीत आहे.

असा माणूस सोबत असल्यामुळे मला आपल्या सचोटीचा जरा गर्वच झाला होता. तो उतरवला दोन बायकांनी.

निवृत्तीच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. एका नव्या इमारतीतल्या घरांसाठी अर्ज मागवले होते. नाल्याकाठची एक वस्ती हलवायची होती, त्यामुळे तिथले अर्ज जास्त. त्यात एक अर्ज सुमनबाईचा. वय साठीच्या आसपास. कुटुंबात दुसरं नाव गेंदाबाई, वय त्याहून थोडं जास्त, दृष्टी अधू असल्याचा सरकारी दाखला. नात्याच्या रकान्यात 'बहीण'. अर्ज तळमजल्यासाठी.

तपासणीला मी अफजलभाईंबरोबर गेले. दोघी एका मुलींच्या वसतिगृहात पोळ्या करायला जायच्या. गेंदाबाई कणीक मळायची, सुमनबाई लाटायची आणि भाजायची. झोपडी अगदी लहान, पण जमीन अशी सारवलेली की चप्पल काढल्यावाचून आत पाय टाकवेना. तेवढ्यात मला आईचा फोन आला आणि मी सवयीने मराठीत बोलले. फोन ठेवते तर सुमनबाई तोंडाकडे पाहतेय.

"बाई, तुम्ही आमच्याकडच्या हाय का?" तिने विचारलं.

ती वरुडची निघाली. नवऱ्याबरोबर बांधकामावर मजुरीला आलेली. मी कुठे राहते ते तिने विचारलं. शाहपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीचं नाव सांगितल्यावर ती गेंदाबाईकडे वळली आणि दोघी हसायला लागल्या.

"त्याचा स्लॅब आम्हीच टाकला," सुमनबाई म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावर मी घमेलं घेऊन पडता पडता वाचलो. हिनं धरलं." वऱ्हाडातल्या बाया 'मी पडलो' म्हणतात, किती वर्षांनी ते कानावर पडलं. मी तिसऱ्या मजल्यावरच राहते, हे मात्र मला तिला सांगवलं नाही.

अफजलभाईंचा अहवाल स्वच्छ होता. कच्च्या यादीत नाव लागलं. आणि आठव्या दिवशी आक्षेप आला.

आक्षेप घेणारा रघुवीर त्याच वस्तीतला, स्कूटर दुरुस्त करणारा. त्याची आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे त्याचाही अर्ज तळमजल्यासाठीच होता. त्याने सरळ लिहिलं होतं: या दोघी बहिणी नाहीत. एक महाराष्ट्राची, दुसरी सागरकडची. आडनावं वेगळी, जात वेगळी, गाव वेगळं. खोटी माहिती दिल्याने अर्ज रद्द करावा.

मी दोघींना बोलावून घेतलं. सुमनबाईने काही लपवलं नाही. अर्ज भरून देणाऱ्या दुकानातल्या माणसाने विचारलं, ही तुमची कोण? ती म्हणाली, "सोबत." संगणकात 'सोबत' नव्हतं. नवरा, बायको, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आणि शेवटी 'अन्य'. त्याने सांगितलं, 'अन्य' टाकलं तर कुटुंब धरणार नाहीत, दोन एकट्या बायका धरतील. एकट्या माणसाला घर नाही, शहराबाहेरच्या इमारतीत एक खाट. म्हणून त्याने 'बहीण' टाकलं. वाचून दाखवलं नाही, आणि दोघींना वाचता येत नव्हतं.

दुकानदाराचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मीसुद्धा इतकी वर्षं तसंच करत आले होते.

आता मी पुढे जे केलं ते लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिते. सुनावणीच्या दिवशी बाहेरच्या व्हरांड्यात मी सुमनबाईला बाजूला घेतलं आणि मराठीत, म्हणजे कुणाला कळू नये म्हणून मराठीत, हळूच सांगितलं, "आत गेल्यावर फक्त 'बहीण आहे' एवढंच म्हणा. तुमचे आईवडील नाहीत, तिचे नाहीत. सागरला तपासायला कुणी जात नाही. बाकी मी बघते."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुम्हीच सांगता का हे बाई?" एवढंच म्हणाली. आवाजात ठपका नव्हता. नुसतं आश्चर्य होतं, आणि तेच मला लागलं.

सुनावणी सक्सेना साहेबांसमोर होती. साहेब शिस्तीचे, कमी बोलणारे. रघुवीरने आपलं म्हणणं नम्रपणे मांडलं. साहेबांनी सुमनबाईला विचारलं, ही तुमची बहीण आहे का?

ती हिंदीतच बोलली, पण तिची हिंदी म्हणजे वरून हिंदीचं लुगडं नेसलेली वऱ्हाडीच होती. मी मराठीत लिहिते.

"नाही साहेब. माझी बहीण वरुडला आहे. नवरा परांचीवरून पडून गेला तेव्हा मी तिला निरोप धाडला होता. ती आली नाही. ही त्याच कामावर होती. माझी हिची ओळख पंधरा दिवसांची. हिनं मला उचलून आपल्या झोपडीत नेलं, तेव्हापासून आम्ही एका चुलीवर खातो. आता हिला दिसत नाही तर मी हिचा हात धरते. हिला बहीण म्हणू म्हणता? बहीण कशी असते ते मी पाहिलं आहे साहेब."

साहेबांनी गेंदाबाईकडे वळून विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे?

गेंदाबाई आवाजाच्या दिशेने मान करून बसली होती. "हमें का कहने, साब? इनने सांची कह दई. अब घर जाए तो जाए."

रघुवीर उभा होता. त्याने खाली बघत आपल्या आक्षेपाबद्दल विचारलं, "साहब, मेरी आपत्ति सही थी कि नहीं?"

"सही थी," साहेब म्हणाले. रघुवीरचा मला त्या क्षणी राग आला होता. आज नाही. त्याची आई अंथरुणाला खिळली होती, आणि तो खरंच बोलला होता. त्या खोलीत सगळे खरं बोलले होते. खोटं सुचवणारी मी एकटीच.

"नोटशीट बना दीजिए, मैडम," साहेब मला म्हणाले. आमच्या ऑफिसात याचा अर्थ असा की नियम लिहून नाव कापण्याची शिफारस करा, मी सही करतो.

दुपारी फाइल पुढ्यात घेऊन बसले. पहिली ओळही लिहवेना. अफजलभाई डबा घेऊन समोर येऊन बसले. पोळी तोडत त्यांनी सहज विचारलं, "मैडम, ये परिवार में कौन-कौन आता है, ये लिखा कहाँ है?"

"नियमात," मी म्हणाले.

"कौन से पन्ने पे?"

मला पान आठवेना. नियमांची पुस्तिका काढली. त्यात 'परिवार' हा शब्द पानोपानी होता, पण त्याचा अर्थ कुठेच नव्हता. एका ठिकाणी मात्र म्हटलं होतं की परिवाराची गणना सर्वेक्षणाच्या सूचनांप्रमाणे करावी. त्या सूचना म्हणजे अफजलभाईंच्या स्कूटरच्या डिकीत पडून असलेली पिवळी पडलेली पुस्तिका. त्यांनी ती आणली. शेवटून तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: एका छताखाली राहणाऱ्या आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या व्यक्ती म्हणजे परिवार. नात्याचा उल्लेखही नव्हता.

आणि अफजलभाईंच्या अहवालात पहिल्याच ओळीत होतं, 'चूल एक.'

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण तो मिनिटभर टिकला. कारण ही पुस्तिका काही आज आली नव्हती. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ती होती. संगणकाच्या रकान्यात जे होतं तेच मी नियम समजत आले, आणि संगणकाच्या आधी छापील अर्जात जे होतं ते. एक बाई डोळ्यांसमोर आली. कामावरची मैत्रीण वारल्यावर तिची मुलगी ही वाढवत होती. मुलगी बारा-तेरा वर्षांची, तिच्या पदराआड उभी. 'ही तुमची कोण लागते?' मी विचारलं होतं. 'लगती कुछ नहीं, पाल रही हूँ,' ती म्हणाली होती. मी 'एकटी' असं लिहून अर्ज परत केला. ती तीनदा आली, तिन्ही वेळा मी तिला तोच नियम समजावून सांगितला, जो नव्हताच. पुस्तिका सापडल्यानंतर मी तिचा पत्ता जुन्या रजिस्टरातून काढून गेले. तिथे आता रस्ता आहे. आसपास कुणाला नाव माहीत नव्हतं. असे आणखी किती असतील हे मी मोजलं नाही. मोजायची हिंमत झाली नाही असं म्हटलं तर जास्त खरं होईल.

नोटशीट लिहिली. त्यात दोन्ही गोष्टी लिहिल्या: अर्जातली 'बहीण' ही नोंद चुकीची असून आक्षेप त्या मर्यादेत योग्य आहे; आणि सर्वेक्षणाच्या सूचनांनुसार या दोघी एक परिवार आहेत, म्हणून नोंद दुरुस्त करून अर्ज पात्र ठेवावा. सोबत पुस्तिकेचं पान जोडलं.

साहेबांनी बोलावून घेतलं. पान वाचलं, पुन्हा वाचलं. "ये आज तक किसी ने लिखा क्यों नहीं?" त्यांनी विचारलं.

मीच ती पुस्तिका कधी उघडली नव्हती. मी तसंच सांगितलं. त्यांनी सही केली आणि फाइल वर पाठवली. वरून दोनदा शंका घेऊन परत आली. साहेबांनी दोन्हींना स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं आणि पुन्हा पाठवली. तिसऱ्या खेपेला मंजूर होऊन आली. सरकारी कामाबद्दल बोलताना आपण तोंड वाकडं करतो, मीही करते. पण एक अधिकारी पोळ्या करणाऱ्या दोन बायकांसाठी वरच्यांशी तीन वेळा भांडला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

रघुवीरला निर्णय मीच सांगितला. तो म्हणाला, "ठीक है. बस, चिट्ठी सबकी पड़नी चाहिए."

चिठ्ठ्या पडल्या. आमच्याकडे पद्धत अशी होती की ज्याचं नाव निघेल त्यानेच पुढची चिठ्ठी काढायची, म्हणजे कुणाला शंका नको. हॉल गच्च भरलेला. तळमजल्याची घरं सहा. सुमनबाई गेंदाबाईचा हात धरून पहिल्या रांगेत. चौथं नाव रघुवीरचं निघालं. तो मंचावर आला, डोळे पुसले, चिठ्ठ्यांच्या पिंपात हात घातला. त्याने काढलेली चिठ्ठी या दोघींची असती, तर ती गोष्ट झाली असती. ती नव्हती. सहाही घरं गेली. मग प्रतीक्षा यादीच्या चिठ्ठ्या निघाल्या, त्यात दुसरं नाव सुमनबाईचं.

मी खाली उतरून त्यांच्याकडे गेले. सुमनबाईच म्हणाली, "नाव तर होतं ना बाई पिंपात. दोघींचं, एका कागदावर." आणि गेंदाबाईला पायऱ्या मोजून सांगत घेऊन गेली.

पुढच्या काही आठवड्यांत नाल्याकाठची वस्ती हलली. वसतिगृहाच्या बाईंनी दोघींना धान्याच्या कोठीत झोपायला जागा दिली. मी अधूनमधून चौकशी करायचे. ऑफिसात येऊन त्यांनी एकदाही तगादा लावला नाही, आणि त्यामुळे मला त्यांचा विसर पडला नाही.

घरं दिल्यावरही आमची तपासणी असते, राहायला तीच माणसं आली का ते पाहायला. सहा-सात महिन्यांनी अफजलभाई तळमजल्याच्या एका घरात गेले, तर तिथे दुसऱ्याच कुणाला पोटभाड्याने ठेवलेलं. रीतसर नोटीस, सुनावणी, आणि घर रिकामं झालं. प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव एका गृहस्थाचं. ते मुलाकडे इंदूरला गेले होते, त्यांनी लेखी नकार दिला. दुसरं नाव सुमनबाईचं. सुट्टीचा दिवस असूनही अफजलभाई स्वतः वसतिगृहात सांगायला गेले.

किल्ली घ्यायला दोघी आल्या तेव्हा भाडेकरारावरून नवीनच प्रश्न निघाला. करारावर मुख्य भाडेकरूच्या नावाला एकच ओळ. "हिचं लिहा," सुमनबाई म्हणाली. "इनका लिखो," गेंदाबाई म्हणाली. दोघी वाद घालू लागल्या. मी समजावलं की कुणाचंही नाव टाकलं तरी फरक पडत नाही. एक गेली तरी दुसरी कुटुंब म्हणून राहू शकते, आता ते फाइलवर आहे.

"आता तुम्ही हाय बाई," सुमनबाई म्हणाली. "तुमच्या जागी उद्या दुसरं कोणी बसल. तिनं विचारलं, ही तुझी कोण, तर हिला दिसत नाही, ही कुठून फाइल काढल?"

तिचं बरोबर होतं. मी पट्टी घेतली आणि त्या छापील ओळीखाली पेनाने दुसरी ओळ ओढली. साहेबांनी शेजारी लहान सही करून ती मंजूर केली. वसतिगृहातल्या मुलींनी दोघींना सही शिकवली होती. सुमनबाईने आधी केली. मग गेंदाबाईचं बोट धरून तिने ओळीच्या सुरुवातीला टेकवलं. गेंदाबाईने सावकाश 'गेंदा' लिहिलं. अक्षरं ओळ सोडून वर चढत समासापर्यंत गेली. मी तो कागद फाइलला लावला तो तसाच.

पुढे तपासणीला म्हणून मी एकदा त्या घरी गेले. खरं म्हणजे ते काम अफजलभाईंचं होतं. सुमनबाईने चहा केला, आणि मी बसायच्या आतच स्वयंपाकघरातली एक फरशी दाखवली. "पाहा बाई, ही कशी वर राहिली. हिचा पाय ठेचतो. आम्ही असतो तर अशी बसवली नसती." मी ठेकेदाराला कळवते म्हणाले. तर म्हणाली, नको, रघुवीर येणार आहे रविवारी, तो काढून देईल आणि मी बसवीन. रघुवीरचं घर दोन दारं सोडून होतं. त्याच्या आईला सकाळी उन्हात बसवायला सुमनबाई मदत करायची. आक्षेपाचा विषय त्यांच्यात कधी निघाला का, असं मी विचारलं. "काहून काढायचा?" ती म्हणाली. "तो खरंच बोलला होता."

अशा माणसांच्या पात्रतेवर मी सही करत होते, याचं मला आजही नवल वाटतं.

ती नोटशीट पुढे इतर फायलींना जोडली जाऊ लागली. सावत्र आजोबा आणि नातू आले, नवऱ्याने टाकलेल्या दोन जावा आल्या. पुढे अर्जाचा नमुना बदलला तेव्हा नात्याच्या रकान्यात एक नवा पर्याय आला, 'एका चुलीवर जेवणारे'. तो कुणी घातला, मला माहीत नाही. मी नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी दुपारी निरोप समारंभ होता. सकाळी मी माझ्या टेबलाजवळ खुर्ची घेऊन नुसती बसले होते. टेबलामागे माझ्या जागी आलेल्या श्रीवास्तव मॅडम. पाणीपट्टीच्या विभागातून आलेल्या, चाळिशीच्या, भराभर काम उरकणाऱ्या. पंचेचाळिशीचा एक माणूस एका म्हाताऱ्या बाईला हाताला धरून घेऊन आला. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं; ही त्याची सासू. तिला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती याच्याकडेच राहिली होती. त्याने अर्ज पुढे केला आणि लगेच खुलासा सुरू केला, लोक काय म्हणतात, नातेवाईक काय म्हणतात. माझा हात सवयीने अर्जाकडे गेला.

श्रीवास्तव मॅडमनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या अर्ज वाचत होत्या.

"खाना एक ही जगह बनता है?" त्यांनी विचारलं.

"जी. ये बनाती हैं. मैं बर्तन कर देता हूँ."

त्यांनी रकान्यात खूण केली. तो अजून हात जोडूनच उभा होता. "तो हम साथ रह सकते हैं ना, मैडम?"

"रहते तो आप हैं ही," त्या म्हणाल्या. "मैं तो बस लिख रही हूँ."

मी हात मागे घेतला आणि माझा खण आवरायला लागले.